लाल ठिपक्याची चांदी

एक

डबा काठोकाठ भरलेला होता, म्हणूनच चोरी लक्षात यायला इतके दिवस लागले.

ऑगी द्रोब्नीला मातीत ठेवून पंधरवडा उलटला होता. त्या शनिवारी त्याच्या बायकोने, रोनीने, आम्हाला स्वयंपाकघरात बोलावलं. तिचा मुलगा डेनिस खिडकीशी उभा होता. जुन्या नाण्यांचा दुकानदार मर्व्हिन टॅगर्ट भिंग घेऊन आला होता. आणि मी, लोरेटा काचमार. रोनीची शाळेपासूनची मैत्रीण आणि जिल्हा पोलिसांत चोऱ्यामाऱ्यांचा तपास करून निवृत्त झालेली म्हातारी. त्या दिवशी मात्र मी फक्त कॉफी प्यायला आले होते.

ऑगीने सगळी हयात काचकारखान्याच्या भट्टीवर काढली. बोटांची कातडी इतक्यांदा भाजली होती की गरम कप हातात घेतला तरी त्याला पत्ता लागत नसे. त्याला नाद एकच. गावातल्या बँकेतून अर्ध्या डॉलरच्या नाण्यांचे कागदात गुंडाळलेले रोल आणायचे आणि शनिवारी सकाळी फोडून एकेक नाणं तपासायचं. एकोणीसशे चौसष्ट सालापर्यंतचं नाणं चांदीचं, नंतरच्या साध्या नाण्याच्या कडेला तांब्याची रेघ. बँकेच्या लेखी दोन्ही सारखीच, त्यामुळे चुकून एखादं जुनं नाणं रोलमध्ये राहून जातं. ते हाती लागलं की ऑगी "सापडलं!" म्हणून असा ओरडायचा की शेजारचं कुत्रं भुंकायला लागायचं.

म्हातारपणी डोळे गेले तरी नाद सुटला नाही. नाणं टेबलावरच्या संगमरवरी फरशीवर टाकून तो कानाने ओळखायला लागला. चांदी गाते, साधं नाणं नुसतं टक् करतं. सापडलेली सगळी चांदी पत्र्याच्या एका जुन्या डब्यात जायची, आणि हा डबा डेनिसचा, असं तो केव्हाच सांगून बसला होता.

"माझं तर त्याने उभ्या जन्मात कधी ऐकलं नाही," रोनी डबा पुढे सरकवत म्हणाली. "शेवटी शेवटी नुसता 'हो हो' करायचा. पण त्याचं एवढं तरी मी ऐकते. घे रे डेनिस."

मर्व्हिनने डब्यातलं एक नाणं उचललं आणि सवयीने फरशीवर टाकलं. टक्. दुसरं टाकलं. टक्. मग त्याने डबाच उपडा केला. सगळ्या ढिगाच्या कडांना तांब्याची रेघ होती.

"रोनी," तो हळूच म्हणाला, "ही चांदी नाही गं."

रोनी आधी हसली. मग तिचा चेहरा बदलला. "जोलीन! त्याला आंघोळ घालायला यायची ती. मी मेली तिच्या भरवशावर घर टाकून चर्चला जायचे. थांब, आत्ता पोलिसांनाच बोलावते."

डेनिसने एक नाणं उचललं, उलटसुलट करून पाहिलं, मग दुसरं पाहिलं. तो काहीतरी शोधत होता आणि ते त्याला दिसत नव्हतं. त्याचा चेहरा उतरला. त्याने फरशीकडे पाहिलं, मग आईकडे.

"आई, फोन ठेव," तो म्हणाला. "मी घेतली चांदी."

दोन

रोनीने त्याला त्याच पावली घराबाहेर काढलं. "बाप आंधळा झाला आणि तू हात मारलास? पुन्हा या दारात दिसू नकोस." हे बोलताना ती रडत नव्हती, आणि त्याचीच मला जास्त भीती वाटली. नवरा गेला तेव्हा ती मोकळी रडली होती. आता ती घरात बसून राहिली. दारावर कोणी आलं की "डेनिस असेल तर परत जा" एवढंच आतून ओरडायची.

चोर मी पुष्कळ पाहिलेत. कोणी विचारायच्या आत चोर होणारा माणूस मात्र पहिल्यांदाच पाहत होते. मी डेनिसला गाठलं. तो भट्ट्या आणि हीटर दुरुस्त करतो. गॅरेजमध्ये एक पंखा खोलून बसला होता.

"कुठे विकलीस?"

"पिट्सबर्गला. एका माणसाला."

"टकला होता का रे?"

"हो, टकला."

"तो टकला मी आत्ता बनवला."

त्याने पाना खाली ठेवला. "मावशी, तुला चोर हवा होता ना? मिळाला. घरी जा आता."

"जाते. बदली नाणी कुठून आणलीस तेवढं सांग."

"पुलापलीकडच्या बँकेतून."

इथेच तो फसला. आमच्याकडे रोल फोडणाऱ्यांचा एक पक्का रिवाज आहे. ज्या बँकेतून घ्यायचं तिथे परत भरायचं नाही, नाहीतर आपलीच तपासलेली नाणी पुन्हा आपल्याच पदरात पडतात. ऑगी गावातल्या बँकेतून घ्यायचा आणि पुलापलीकडच्या बँकेत भरायचा. भरण्याआधी प्रत्येक साध्या नाण्याच्या कडेशी रोनीच्या नेलपॉलिशचा लाल ठिपका द्यायचा. बघून झालं, चांदी नाही, असा त्याचा अर्थ. न दिसणाऱ्या डोळ्यांनीही तो ठिपका बरोबर कडेलाच पडायचा, इतका हात बसला होता.

"पुलापलीकडे अर्धे डॉलर भरायचा तो तुझाच बाप," मी म्हटलं. "तिथून आणले असतेस तर त्यांच्यावर लाल ठिपके असते. डब्यातल्या एकाही नाण्यावर ठिपका नाही. तूही त्या दिवशी तेच शोधत होतास."

तो पुन्हा पंख्याशी खटपट करायला लागला.

"मावशी, तुझ्यापुढे हात जोडतो," तो म्हणाला. "हे इथेच सोड."

तीन

सोडायचं असतं तर मी पोलिसांत नोकरी कशाला केली असती? चांदी कुठेतरी गेली असेल तर ती कुठेतरी निघालीही असेल, म्हणून मी मर्व्हिनच्या दुकानात गेले.

"गेल्या वर्षा-दीड वर्षात चांदीचे अर्धे डॉलर कोणी आणले?"

मर्व्हिनने आढेवेढे घेतले. गिऱ्हाइकाचं गुपित वगैरे ऐकवलं. मी त्याच्या समोरच्या स्टुलावर बूड टेकलं तेव्हा त्याला कळलं की ही बाई आता उठत नाही.

"टॅड लुबिक," तो म्हणाला. "शाळेची बस चालवतो तो. नशीब उघडलंय त्याचं. दर आठवड्याला दोन-चार घेऊन येतो." त्याने मखमलीचा ट्रे पुढे केला. "आणि एक गंमत. त्याची बायको नेलपॉलिशशी खेळते की काय कोण जाणे."

मी भिंग लावलं. चांदीच्या प्रत्येक नाण्यावर, बरोबर कडेशी, लाल ठिपका होता.

डब्यात ठिपका नसलेली साधी नाणी आणि इथे ठिपका दिलेली चांदी. सगळं उलटं झालं होतं. आणि हे उलटं करणारा चोर नव्हता, कारण चांदीवर लाल ठिपका देत बसेल असा चोर जन्माला यायचाय. ते ऑगीचं काम होतं.

टॅड बसच्या पायरीवर सँडविच खात बसला होता. सोन्याची खाण सापडलेला माणूस जसा संशयाने बघतो तसा माझ्याकडे बघत होता.

"कुठून आणतोस ते सांगणार नाही, हे मला ठाऊक आहे," मी म्हटलं. "मीच सांगते. पुलापलीकडची बँक. हाताने बांधलेले रोल."

"च्यायला! तुम्हीपण तिथूनच घेता?"

"नाही. घाबरू नकोस."

"काकू, खरं सांगू? मला वाटलं, कोणीतरी गाढव आपल्या आजीची चांदी बँकेत भरतोय. मी मनातल्या मनात रोज त्याचे आभार मानायचो."

"त्या गाढवाला पंधरवड्यापूर्वीच पुरलं आम्ही. ऑगी द्रोब्नी."

टॅडने सँडविच कागदात गुंडाळलं आणि डोक्यावरची टोपी काढली. "त्यानेच मला शिकवलं होतं हे सगळं," तो म्हणाला. "कड कशी बघायची ते."

चार

आता दोन प्रश्न राहिले. जन्मभर चांदी ओळखणारा माणूस तिला साधं नाणं कसा समजला? आणि त्याच्या रोलमध्ये इतकी चांदी आली कुठून? गावातल्या बँकेच्या रोलमध्ये हल्ली वर्षाला एखादं नाणं निघालं तरी आमच्या नाणीवाल्यांच्या क्लबात केक कापतात.

जोलीनने दार अर्धवटच उघडलं. कानावर काहीबाही आलं होतं, आणि अशा वेळी बोट कोणाकडे दाखवतात हे तिला चांगलं माहीत होतं.

"मी काही घेतलेलं नाही, बाई."

"ठाऊक आहे. तुझ्यावर येऊ नये म्हणूनच एकाने ते आपल्या अंगावर घेतलंय. मला ऑगीबद्दल सांग."

ती आतून खुर्ची घेऊन आली. "गोड माणूस होता. कधी वस्सकन ओरडला नाही. फक्त ते रेडिओचं मला विचित्र वाटायचं."

"काय रेडिओचं?"

"रविवारी पोल्काची गाणी लागतात ना, त्याला फार आवडायची. मी गेले की तो रेडिओसमोर बसलेला असायचा, पायाने ठेका धरून. आणि रेडिओवर नुसती खरखर. स्टेशन सरकलेलं. मी लावून द्यायचे, तर पुढच्या वेळी पुन्हा खरखर. तरी आपला पाय हलवतोय."

ऑगीचं ते "हो हो" मला आठवलं.

"आणि रोनी? तिचं काही विचित्र वाटलं?"

जोलीन थोडी अडखळली. "शुक्रवारी त्या मला दुकानात पाठवायच्या. कधी मीठ आण, कधी काड्यापेटी. घरात सगळं असायचं हो. म्हणायच्या, मला पिरोगी लाटून सारण भरायचंय, मधे मधे कोणी नको. पण मी परत यायचे तेव्हा ओट्यावर पिठाचा कण नसायचा."

पाच

गॅरेजमध्ये या वेळी मी आधी खुर्ची ओढून घेतली.

"मी बोलते, तू ऐक," मी डेनिसला म्हटलं. "चुकलं तर थांबव. बँकेतून चांदी निघेनाशी झाली. एकेक शनिवार रिकामा जायला लागला आणि ऑगी कोमेजायला लागला. रोनीला ते बघवेना. म्हणून शुक्रवारी ती डब्यातलीच मूठभर चांदी घ्यायची, बँकेच्या रोलमध्ये मिसळायची आणि कागद पुन्हा बांधून ठेवायची. शनिवारी त्याला ती सापडेल, तो ओरडेल, चांदी परत डब्यात जाईल, असा तिचा हिशेब. हिशेब चुकीचा नव्हता."

डेनिसने थांबवलं नाही.

"पण ऑगीचे कान गेले होते. डोळे आधीच गेलेले, बोटं भट्टीने खाल्लेली. त्याला नाणं ओळखायला काहीच उरलं नव्हतं. तो अंदाजाने काढायचा. हाताला येईल ते साधं नाणं चांदी म्हणून डब्यात टाकायचा, आणि खऱ्या चांदीवर लाल ठिपका देऊन तिला पुलापलीकडे पाठवायचा. डबा भरलेलाच राहिला. रोनीला त्यातलं काही कळत नाही, डब्यात आहे ती चांदी, एवढंच तिला माहीत. नेऊन भरायचास तू. चोरी झालीच नाही. दोघांनी मिळून डबा रिकामा केला आणि दोघांनाही पत्ता नाही."

डेनिसने तोंडावरून हात फिरवला. आता तो रडत होता, पन्नाशी उलटलेला माणूस, तेलकट हातांनी.

"बँकेत जाताना बाबांनी मला ट्रकमध्ये सांगितलं होतं," तो म्हणाला. "म्हणाले, मला काही ऐकू येत नाही रे. पण आईला सांगू नकोस. ती समोर कॉफी घेऊन बसते, माझ्या ओरडण्याची वाट बघते. नाही ओरडलो तर तिचं तोंड एवढंसं होईल. म्हणून मी ओरडतो."

"आणि आईचं तुला कधी कळलं?"

"तिचे रोल दिसले एकदा. बँकेचं मशीन कागदाचं टोक गोल वळवतं. हिने पिरोगीच्या कडेला घालतात तशी मुरड घातलेली. मी विचारलं तर म्हणाली, बाबांना बोललास तर बघ." तो नाक पुसत हसल्यासारखं हसला. "मला वाटलं, किती छान चाललंय दोघांचं. दोघांची गुपितं सांभाळली मी, मावशी. ती एकत्र ठेवून एकदा तरी विचार करायचा ना! डबा उपडा झाला तेव्हा कळलं. आई जोलीनचं नाव घेत होती. जोलीनला वाचवायचं तर खरं सांगावं लागणार, नाहीतर दुसरा चोर हवा."

"म्हणून तू झालास."

"मग काय तिला सांगू? की तुझ्या मायेने डबा रिकामा झाला? की दीड वर्ष तो तुझ्यासाठी खोटं खोटं ओरडत होता? मला शिव्या देते आहे तोवर निदान स्वतःला देत नाही. नको सांगूस, मावशी."

सहा

मी दोन दिवस घरात येरझाऱ्या घातल्या. रोनीजवळ आता दोन दुःखं होती, एक खरं आणि एक खोटं. खोटं मी काढून घेऊ शकत होते, पण त्याच्या जागी दुसरं खरं ठेवावं लागणार होतं. शेवटी मी माझ्यापुरतं ठरवलं. नवरा तर गेलाच, तो काही परत येणार नाही. मुलगा येऊ शकतो.

मी डेनिसला ट्रकमध्ये थांबायला सांगून आत गेले. टेबलावर सगळं होतं तसंच होतं. ऑगी शुक्रवारी दुपारी गेला. शनिवारचे रोल फरशीशेजारी रांगेत मांडलेले. त्यातल्या एकाच्या टोकाला पिरोगीची मुरड होती.

"हा तू बांधलास," मी म्हटलं.

रोनी चमकली. "कोणी सांगितलं तुला?" मग तिने खुर्ची ओढली. "बांधला. मग? काय बिघडलं? म्हाताऱ्याला जरा आनंद!"

मी सगळं सांगितलं. टॅडचे ठिपके, जोलीनचा रेडिओ, ट्रकमधलं बोलणं. आडपडदा ठेवला नाही, कारण अर्धवट सांगितलेलं तिने उरलेल्या आयुष्यात स्वतःच वाईटसाईट कल्पून पूर्ण केलं असतं. ती फरशीवर बोट फिरवत ऐकत राहिली.

चांदीबद्दल ती एक शब्द बोलली नाही.

"म्हणजे त्या सगळ्या दिवसांत त्याला माझं काहीच ऐकू येत नव्हतं?"

"नाही, रोनी."

"मी किती बोलायचे गं त्याच्याशी. तो नाणी टाकत बसायचा आणि मी बोलत बसायचे. आयुष्यभराचं राहिलेलं बोलून घेतलं. त्या गुरुवारी मी त्याला म्हटलं, माझ्याआधी जाऊ नकोस हं. तो म्हणाला, 'हो हो.'" तिचा आवाज तिथेच फुटला. "मला वाटलं, कबूल केलं त्याने."

मी तिचा हात धरून बसले.

मग तिने डोळे पुसले. "आणि तो गाढव? डेनिस? चोर म्हणवून घेत फिरतोय माझ्यासाठी? अगदी बापावर गेलाय मेला. कुठाय तो?"

"बाहेर. ट्रकमध्ये."

"थंडीत? अगं, बोलव ना त्याला!"

डेनिस आत आला आणि दाराशीच उभा राहिला. रोनी उठली नाही. तिने फक्त ऑगीची खुर्ची पायाने मागे ढकलली आणि तो मुरडीचा रोल त्या खुर्चीसमोर ठेवला. "बैस. फोड."

"आई, राहू दे ना."

"फोड म्हणते ना. तुझा वाढदिवस होता त्या शनिवारी. कोणाला आठवण राहिली?"

त्याने कागद फाडला आणि एकेक नाणं फरशीवर टाकायला लागला. टक्. टक्. टक्. डब्यातून घेतलेली होती, तेव्हा दुसरं काय निघणार? रोनी समोर बसली होती, दोन्ही हात कपाभोवती धरून, दर शनिवारी बसायची तशी.

मग एक नाणं पडलं आणि ते गायला लागलं.

डेनिसने ते उचललं. चौसष्ट साल, त्याच्या जन्माचं.

"तू झालास तेव्हा ऑगीने हॉस्पिटलात माझ्या उशीखाली ठेवलं होतं," रोनी म्हणाली. "ते डब्यात कधी गेलंच नाही, माझ्या शिवणाच्या पेटीत होतं. म्हटलं, या शनिवारी मुलाच्या वाढदिवसाला त्याला हेच सापडू दे." तिने कप बाजूला सरकवला. "पुन्हा टाक रे. त्याच्या वाटचं मी ऐकते."

डेनिसने ते नाणं पुन्हा टाकलं. नाद पूर्ण विरेपर्यंत रोनीने डोळे मिटून ऐकलं. मग ती अगदी हळू, शेजारच्या कुत्र्यालाही ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाली, "सापडलं."